धुक्यातली चोविसावी

"उत्तर राहू दे. वाट सांग."

आमचे मास्तर असं म्हणायचे आणि डावा तळहात पुढे करायचे. उजव्या हाताची दोन बोटं त्या तळहातावर उभी करायचे, माणूस दोन पायांवर उभा राहतो तशी. मग आपण गणित कसं सोडवलं ते सांगायला लागायचं. आपण सांगू तशी ती बोटं मनगटाकडून पुढे चालायची. म्हणणं बरोबर असेल तर हाताच्या टोकापर्यंत पोचायची. कुठे चुकलं की एक बोट अधांतरी थांबायचं आणि मास्तर हळूच म्हणायचे, "पुढं दरी आहे."

कुरवंड्याच्या पोरांना दरी समजावून सांगावी लागत नाही. गावाच्या पलीकडे नागफणीचा कडा आणि कड्याखाली कोकण. पावसाळ्यात खाली काहीच दिसत नाही. पांढरं धुकं काठापर्यंत भरून असतं आणि त्यातून कधी गुराच्या गळ्यातली घंटा ऐकू येते, कधी रेल्वेची शिट्टी. मास्तरांचं बोट थांबलं की मला ते पांढरं आठवायचं.

मास्तर मूळचे कुठले ते कोणाला नीट माहीत नव्हतं. बोलायचे पुण्याकडच्यासारखं. एकटे होते. शाळा देवळाच्या पडवीत भरायची आणि मास्तर मागच्या खोलीत राहायचे. पटावर आम्ही तेवीस. वीस मुलगे, तीन मुली. चौथीच्या पुढे शाळा नव्हती.

पुस्तकातली गणितं त्यांनी क्वचितच घातली. एकदा सगळ्यांना देवळापुढच्या आंब्याखाली नेलं आणि म्हणाले, "वर न चढता झाडाची उंची सांगा."

धोंडू म्हणाला, "मास्तर, झाड पाडू आन् आडवं मोजू."

"वाट आहे," मास्तर म्हणाले. "पण पुढच्या वर्षी आंबे कुठून खाशील?"

मग त्यांनी धोंडूलाच उन्हात उभं केलं. त्याची सावली मोजायला लावली, आंब्याची सावली मोजायला लावली, आणि पुढे एक शब्द बोलले नाहीत. अर्धा दिवस आम्ही त्या दोन सावल्यांमध्ये भांडत होतो. शेवटी आमचं आम्हालाच सुचलं. संध्याकाळी पाटील आले आणि कुरकुरले, "मास्तर, पोरं पाढं म्हनत न्हाईत. नुस्ती रानात हिंडत्यात."

"पाढे पाठ आहेत त्यांचे, पाटील. हिंडायला शिकवतोय."

मी फार बोलत नसे. प्रश्न विचारला की पाटीत बघत बसायची. मास्तरांनी ते ओळखलं होतं. माझ्यापुढे येऊन बसायचे, तळहात माझ्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "गंगू, तू तोंडानं सांगू नकोस. तुझी तूच बोटं चालव." मी त्यांच्या तळहातावर माझी दोन बोटं चालवायची. एवढ्यावर त्यांना समजायचं. दुसऱ्या कोणाला असं समजलेलं मी पुढे पाहिलं नाही.

आता त्या दिवसाचं सांगते.

श्रावण होता. चार दिवस उघडीप पडली होती म्हणून मास्तर आम्हाला गावाबाहेरच्या ओढ्याकडे घेऊन गेले. ओढा ओलांडून पलीकडच्या माळावर बसवलं. त्या दिवशीचं गणित होतं, पाण्यात पाय न घालता ओढ्याची रुंदी सांगायची. कपाळावर हात आडवा धरायचा, हाताच्या कडेखालून समोरचा काठ नेमका दिसेल तसा. मग हात न हलवता, मान न हलवता जागच्या जागी वळायचं आणि आपल्याच बाजूला नजर जमिनीवर कुठे टेकते ते बघायचं. तिथपर्यंत पावलं मोजायची. आमच्यातले दहाबारा जण कपाळावर हात धरून गोल फिरत होते, कोण कोणावर आपटत होतं, हसत होतं.

तेवढ्यात धुकं उतरलं. दरीतून येतं ते आधी पायांशी येतं. बघता बघता समोरचा काठ गेला, मग पोरांचे पाय गेले, मग नुसते आवाज राहिले.

मास्तरांनी सगळ्यांना परत ओढ्याशी गोळा केलं. ते स्वतः मध्ये गुडघाभर पाण्यात उभे राहिले. एकेका पोराचा हात धरून ते दगडावरून पुढे सोडणार होते. मला सगळ्यांत आधी पार केलं आणि म्हणाले, "गंगू, तू काठावर थांब. येईल त्याला हात लावून मोज. खळ्यावर तूच मोजतेस ना? मोठ्यानं नको मोजू. मनात मोज."

मी खळ्यावर मोजायची हे खरं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, पायलीनं भात मापायचे आणि मी शेजारी बसून आकडा धरायची. आमच्याकडे मापताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. पहिल्याच मापाला एक म्हटलं तर रास एकावरच राहते म्हणे. लहानपणापासून माझ्या तोंडात तेच बसलेलं.

मी स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मनात म्हटलं, लाभ. मग धुक्यातून चिमी आली. ठाकरवाडीची चिमी, माझ्याच तरटावर बसायची. तिच्या ओल्या खांद्याला हात लावला. तेवढ्यात मनात आलं, हे खळं नव्हे, ही शाळा आहे. इथे एक म्हणतात. म्हणून म्हटलं, एक. पुढचा आला, दोन. असे सगळे आले.

शेवटी मास्तर आले. "किती?"

"बावीस."

मास्तरांचा चेहरा मला धुक्यात पुरता दिसला नाही. ते म्हणाले, "एक राहिलं." आणि तसेच मागे वळले. पाण्यातून जाताना ओरडून म्हणाले, "सगळे शाळेत जा. एकमेकांचे हात सोडू नका."

रोज वाट विचारणारा माणूस. त्या एका दिवशी त्यांनी माझं नुसतं उत्तर घेतलं.

आम्ही पडवीत येऊन बसलो. दात वाजत होते. धोंडू म्हणाला, "कोन राहिलं रं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोणी म्हणालं तो भिकू, तर भिकू तिथेच होता. कोणी म्हणालं तुका, तर तुकाही होता. पण कोणीतरी राहिलं आहे याची कोणालाच शंका नव्हती. मास्तर म्हणाले होते ना. मग चिमी डोळे बारीक करून म्हणाली, "हिरव्या परकराची व्हती ती न्हाई आली."

"व्हय व्हय," दोघंतिघं म्हणाले. "ती पार मागं व्हती."

आमच्या शाळेत हिरव्या परकराची मुलगी नव्हती.

मी मनात मोजलं. तेवीस. पुन्हा मोजलं, एकापासून. तेवीस. तेव्हा माझ्या लक्षात आलं काय झालं ते. कोणी राहिलं नव्हतं. लाभ म्हणून मी स्वतःलाच सोडलं होतं. त्याच वेळी उठून पाटलांच्या घरी धावत गेले असते, तर चार गडी हाका मारत ओढ्याकडे गेले असते. मी बसून राहिले. पोरं हसतील, आबा रागावतील, एवढीच भीती. एवढ्याशा भीतीसाठी मी एका माणसाला दिवसभर धुक्यात ठेवलं.

दुपार कलल्यावर मास्तर आले. आधी देवळाच्या पायरीशी पावलं वाजली, मग ते दिसले. कपडे छातीपर्यंत भिजलेले, गुडघे फुटलेले. उजवा हात शरीरापासून जरा दूर, खाली सोडलेला आणि मूठ अर्धी मिटलेली. पायऱ्या ते एक एक करून चढले. प्रत्येक पायरीवर थांबत होते.

"सापडली," ते म्हणाले. "कड्याशी बसली होती. गंगू, जरा सरक. हिला तुझ्याजवळ बसू दे. परकर भिजलाय तिचा."

मी सरकले. दुसरं काय करणार होते?

गावात म्हणाले, मास्तरला चकवा लागला. धुक्यात माणसाला तिथल्या तिथे फिरवतो तो चकवा. पाटलांनी देवाचा अंगारा आणला. मास्तरांनी हसून कपाळाला लावून घेतला. मग चिमटीत उरलेला अंगारा त्यांनी शेजारी, आपल्या कमरेएवढ्या उंचीवर, हवेत लावला. पाटील दोन पावलं मागे सरले.

बाकी मास्तर होते तसेच होते, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. तुम्ही तिथे असता तर तुम्हालाही तसंच वाटलं असतं. वेळेवर शाळा, स्वच्छ धोतर, तोच आवाज. फक्त हजेरी घेताना तेविसावं नाव झालं की ते मान वर करून माझ्या शेजारी बघायचे, थोडं थांबायचे आणि पुस्तकात खूण करायचे. काही वाटायचं असलं तर चोवीस वाटे करायला लावायचे. बोरं असोत की चिंचा, चोविसावा वाटा माझ्याशेजारी तरटावर ठेवला जाई. त्याला कोणी हात लावत नसे. धोंडूसुद्धा नाही.

चिमी दुसऱ्या तरटावर जाऊन बसली. "मला न्हाई बसायचं हितं," म्हणाली. "गार लागतंय."

मीही हात लावून बघितला होता. गार होतं. पण पडवीला ओल यायचीच.

गणितं तर पहिल्यापेक्षा चांगली चालली. एक दिवस मास्तरांनी घातलं, विहिरीला अठ्ठेचाळीस पायऱ्या, एकोणीस पाण्याखाली गेल्या, कोरड्या किती? आम्ही पाटीवर आठातून नऊ जात नाहीत म्हणून दशक मोडत बसलो होतो. मास्तर माझ्याशेजारच्या जागेपुढे उकिडवे बसले. तळहात पुढे धरला. "तू सांग." मग त्यांची दोन बोटं चालायला लागली. एक पाऊल. थांबली. दुसरं पाऊल. मास्तरांनी मान डोलावली आणि उठून फळ्यावर लिहिलं. एकोणीस म्हणजे विसाला एक कमी. वीस काढून टाक, अठ्ठावीस उरले. एक जास्त गेला तो परत दे. एकोणतीस.

"बघा," मास्तर म्हणाले, "हिची वाट किती जवळची आहे."

आम्ही सगळ्यांनी ती उचलली. पोरं आपसात म्हणायची, "तिच्या वाटंनं कर, बिगी हुतंय." भीती कमी कमी होत गेली होती. एकदा तर धोंडू अडला तेव्हा माझ्या शेजारी बघून पुटपुटला, "सांग की गं." मग स्वतःच दचकून पाटीत तोंड घातलं.

मला मात्र रोज वाटायचं, आज सांगावं. तळहात समोर आला की वाटायचं, आता बोटं चालवून दाखवावी, लाभ, एक, दोन. पण ती मुलगी आता मास्तरांची झाली होती. थंडीत ते आपलं उपरणं तिच्या जागी अंथरायचे. मला ते उपरणं काढून घ्यावंसं वाटेना.

माघात दिपोटी आले. शाळा तपासणारे साहेब, त्यांना आमच्याकडे दिपोटी म्हणत. टोपी, कोट, बरोबर शिपाई. पाटील आणि चार मोठी माणसं येऊन भिंतीशी बसली. आबाही होते. साहेबांनी आम्हाला तोंडी गणितं घातली आणि आमची उत्तरं ऐकून खूश झाले. मग हजेरीचं पुस्तक उघडलं.

"मास्तर, हा चोविसावा कोण? रोज हजर आणि नाव नाही?"

"चोविसावी. मुलगी आहे," मास्तर म्हणाले. "नाव अजून सांगत नाही. लाजाळू आहे."

"आज हजर आहे?"

"आहे की. ती काय."

साहेबांनी माझ्या शेजारी बघितलं. तरटावर घडी घातलेलं उपरणं होतं. पाटील उठून हात जोडून म्हणाले, "साहेब, मास्तर लय गुनाचा मानूस. निस्ता चकवा लागलाय त्येला."

"पाटील, चकव्याला हजेरी देता येत नाही," साहेब म्हणाले. रागानं नाही, थकल्यासारखे म्हणाले. "खोटी हजेरी म्हणजे काय ते मास्तरांना माहीत आहे. मला वर लिहावं लागेल. नोकरी जाईल त्यांची."

मी कशी उठले मला माहीत नाही. आबांच्या समोर, साहेबांच्या समोर.

"मास्तर, माजं चुकलं," मी म्हणाले.

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. माझा आवाज त्यांनी एवढा मोठा कधी ऐकला नव्हता. मग त्यांनी तळहात पुढे केला, दोन बोटं उभी केली.

"वाट सांग."

मी सांगितलं. छातीवर हात ठेवला आणि लाभ म्हटलं, मग चिमीला एक म्हटलं, ते सगळं. शाळेत येऊन मोजले तेव्हा तेवीस भरले आणि तरी मी बोलले नाही, तेही. आबा भिंतीशी बसून ऐकत होते. मास्तरांची बोटं मनगटाकडून निघाली आणि कुठेही न अडखळता टोकापर्यंत आली.

"वाट बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

साहेबांना हायसं वाटलं. त्यांनी दौत पुढे सरकवली. "झालं तर मग. मोजण्यातली चूक. मास्तर, ती ओळ खोडा, खाली सही करा. मी काही पाहिलं नाही."

मास्तरांनी टाक हातात घेतला. शाई टोकाशी जमली. बराच वेळ ते त्या ओळीकडे बघत होते, मग उपरण्याकडे.

"साहेब, हिचं म्हणणं खरं आहे. तेवीसच होते. कोणी राहिलं नव्हतं," ते म्हणाले. "पण मी कड्याशी गेलो तेव्हा तिनं माझा हात धरला. बोटं गार होती. ती वाट कुठं चुकते ते मला दाखवा, मी खोडतो."

साहेबांनी पुस्तक जवळ ओढून ती ओळ पुन्हा वाचली आणि पुस्तक परत सरकवलं. मास्तरांनी टाक पुसून दौतीशेजारी ठेवला.

"दाखवता येत नाही," ते म्हणाले. "मग नुसत्या उत्तरासाठी कसं खोडू?"

मी बोलले तर मास्तरांची शाळा वाचेल असं मला वाटलं होतं. वाचली नाही. पंधरा दिवसांनी कागद आला.

त्यांच्याकडे एक ट्रंक आणि एक वळकटी. लोणावळ्यापर्यंत पोचवायला आबांनी गाडी जुंपली. त्या दिवसापासून आबा मला एक शब्द बोलले नव्हते. मी शेण काढायच्या निमित्तानं गोठ्यात होते. तिथून वाट दिसत होती. मास्तर गाडीजवळ आले. आधी वाकले, दोन्ही हातांनी काहीतरी उचलल्यासारखं केलं आणि पेंढ्यावर ठेवलं. मग ट्रंक चढवली. मग स्वतः चढले. पोरं देवळापुढे उभी होती. मास्तरांनी सगळ्यांना हात केला. माझ्याकडे बघितलं की नाही ते मला कळलं नाही, कारण मी खाली मान घातली होती.

त्यानंतर मास्तर कोणाला दिसले नाहीत. भुशीकडे कोणी पाहिले म्हणे, कोणी म्हणालं कोकणात उतरले. पुढे दुसरे मास्तर आले. चांगले होते. पाढे म्हणून घ्यायचे.

गाडी परत आली तेव्हा ऊन उतरत होतं. घाटवाटेची नव्हे, साधी लोणावळ्याची वाट, दुपारच्या आत येणारी गाडी. एवढा उशीर कशानं, आईनं विचारलं.

"सावकाश आलो," आबा म्हणाले. बैल सोडून त्यांनी पाणी दाखवलं. मी कडबा टाकायला गेले. आबा माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"भैरोबाच्या उताराला मी मास्तरला म्हनलं, पुडं सरकून बसा, गाडी मागं उलारतीय. तर म्हनला, सरकता यायचं न्हाई, आबा. मांडीवर झोपलीय."

"मंग?"

"मंग काय. उतार लय खडकाळ हाय तितं." आबांनी बैलाच्या मानेवरून हात फिरवला. "खाली उतरलो आन् बैलांची वेसन धरून चालत गेलो पार लोनावळ्यापातूर. गाडी आदळूस्तवर हाकली न्हाई. जाताना घोंगडी बी दिली मागं."

मला विचारायचं नव्हतं. तरी विचारलं. "आबा, व्हतं का कोन?"

आबांनी माझ्या हातातला कडबा घेऊन बैलांपुढे टाकला.

"चालताना मी फुडंच बघत व्हतो," ते म्हणाले. "मागं बघून मोजायचं माज्यानं झालं न्हाई."